एक रायफल, तीन नावं: वारसाहक्काच्या .375 चा अनुभव

वारसाहक्काने आलेली मोठ्या बोअरची (म्हणजे रुंद नळीची) रायफल नावावर करायची असेल, तर अर्जाला हात लावण्याआधी नळीवरचे शिक्के वाचा. माझी फाइल अडली ती ‘375’ या तीन आकड्यांवर, आणि तो वैताग अजून गेलेला नाही.

बाकीचं तसं सरळ झालं. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायचं. अर्ज नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसांसाठी तरतूद आहे. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

घोळ असा. जुन्या परवान्यावर ‘375 बोअर’. जमा पावतीवर ‘.375 मॅग्नम’. आमच्या वकिलाने प्रतिज्ञापत्रात लिहिलं ‘375 एक्सप्रेस’. नंबर तिन्हीकडे एकच, तरी फाइलवर शेरा पडला: बोअर जुळत नाही. टेबलावरचे बाबू म्हणाले, “भाऊ, कोणतं तरी एक लिहून आणा ना.” कोणतं तरी एक चालत नाही, हीच तर अडचण. फ्लॅन्ज्ड (बुडाला कडा असलेलं) मॅग्नम, अडीच इंची नायट्रो एक्सप्रेस, मॅनलिकर-शोनॉअरचं रिमलेस (बिनकडेचं) आणि 1912 चं हॉलंड अँड हॉलंडचं बेल्टेड (बुडाशी पट्टा असलेलं) मॅग्नम, ही काडतुसं वेगवेगळी, पण सगळीच ‘375’. गोळीची जाडी जवळपास तीच, पण काडतुसाची लांबी आणि बूड वेगळं. कागदावर चुकीचं नाव गेलं तर विक्रेता त्याच नावाचं काडतूस देणार. ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेत, नीट बसलं नाही तर काडतुसाचं पितळ फाटून गॅस बोल्टमधून (चेंबर बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यातून) तोंडावर येतो.

सांगून कोणी ऐकेना. खेटे घालून उपयोग नाही, मोजमाप न्यावं लागतं. ते परवानाधारक आर्मररकडूनच (हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच) करून घ्या. नळीत मऊ शिशाची गोळी तेल लावून लाकडी दांड्याने ढकलायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. नळीतल्या पिळाच्या खाचांमधला व्यास 9.5 मिमीच्या आसपास यायला हवा. पण एवढ्यावरून फक्त ‘375’ सिद्ध होतं. खरा पुरावा चेंबरचा साचा. त्यासाठी बिस्मथचा मिश्रधातू मिळतो, तो 90 अंशांच्या आतच वितळतो. ओतला की आधी आक्रसतो, मग फुगतो, म्हणून तासाभराने मोजायचा. आमच्या साच्यावर बुडाशी पट्टा स्पष्ट होता आणि लांबी 72 मिमीच्या थोडी पुढे. म्हणजे हॉलंडचंच. अशा जुन्या इंग्रजी नळीवरच्या प्रूफ शिक्क्यांत (दाबाच्या चाचणीच्या खुणांत) कॉर्डाइटचं, म्हणजे जुन्या इंग्रजी बारुदीचं, वजन आणि गोळीचं कमाल वजन ग्रेनमध्ये कोरलेलं असतं. त्याचे स्वच्छ फोटो, साच्याची मापं आणि आर्मररचं सहीशिक्क्याचं पत्र जोडलं, प्रतिज्ञापत्र नव्याने केलं. त्याच टेबलावरून फाइल पुढे सरकली. नव्या परवान्यावर बोअर पूर्ण नावाने लिहून घ्या आणि तिथेच उभं राहून नंबर ताडून पाहा.

हो, आचारसंहितेचं राहिलं. निवडणूक आली की हत्यारं जमा करायला सांगू शकतात, त्यामुळे नेमबाजीच्या रेंजचा बेत त्याआधी उरका. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. रायफल चालवायची जागा म्हणजे रेंजच. परवान्यावरचा उद्देश आणि क्षेत्र हे रकाने वाचून मगच रेंजशी बोला. बऱ्याच रेंजचा मागचा बांध .22 पुरताच असतो, तिथे .375 ला नकार मिळणार, आणि तो योग्यच आहे.

आमची रायफल ऑर्डर देऊन बांधलेली, साध्या लांबीच्या मौजर अ‍ॅक्शनवर. अ‍ॅक्शन म्हणजे बोल्ट आणि त्याचं घर. लांब काडतूस बसावं म्हणून अशा अ‍ॅक्शनचा काडतूस वर चढवणारा पुढचा उतार कापतात, आणि बोल्टच्या खालच्या लगचा (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दाताचा) आधार तिथेच कमी होतो. लगच्या बैठकीत खड्डा पडलाय का, हे आर्मररला आधी बघायला लावा. गो आणि नो-गो गेज (चेंबरची खोली बरोबर आहे का हे दाखवणारी मापं) त्यानंतर. नागपूरच्या उन्हाळ्यात दस्त्याचं लाकूड आकसतं, स्क्रू सैल होतात. रिकॉइल लगला (धक्का दस्त्यावर घेणाऱ्या दाताला) काजळ लावून बसवा आणि ते लाकडावर सगळीकडे उमटतं का पाहा. अर्धवट उमटलं तर दोनचार फैरींत दस्ता टँगमागे (अ‍ॅक्शनच्या मागच्या शेपटीमागे) चिरतो.

पहिली फैर खांद्यावरून नको. रायफल जखडून, दोरीने चाप ओढा. त्याआधी नळी आणि चेंबर कोरडं पुसा, कारण चेंबरमधल्या तेलाने बोल्टवरचा दाब वाढतो. रिकामं काडतूस हातात घ्या: पट्ट्याच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर पितळ ताणलं गेलंय, तिथेच थांबा. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबा. जुनी काडतुसं उशिरा पेटतात. काडतुसं उन्हातल्या गाडीत ठेवू नका. गरम कॉर्डाइट जास्त दाब देतं, म्हणून इंग्रज हिंदुस्थानासाठी कमी भाराची काडतुसं वेगळी बनवत.

नंतर वाळूच्या पिशव्यांवर, आधी 25 मीटर, मग 100. पिशवी पुढच्या लाकडाखाली, नळीखाली कधीच नाही. धक्का .30-06 च्या दुपटीच्या आसपास असतो, सलग फैरी झाडल्या की माणूस चाप ओढताना डोळे मिटायला लागतो आणि गोळ्यांचा गट पसरला की दोष रायफलीला देतो. गोळी खाली लागली तर नळीच्या टोकावरची माशी घासून कमी करा, उजवीकडे लागली तर मागची साइट डावीकडे सरकवा. माशी घासताना हात आखडता ठेवा, घासलेलं परत येत नाही.

जुनी काडतुसं वापरली असतील तर त्याच संध्याकाळी नळीतून उकळतं पाणी सोडा. त्यांच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीतून उरलेला क्षार नुसत्या तेलाने निघत नाही, आणि पावसाळ्यात रात्रीतून गंज धरतो.