आमच्या घरातले सहा जण आणि स्वाइन फ्लूची लस

नणंद सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी म्हणजे आमच्याकडे आली ती जुलै २०१० मध्ये, चिपळूणहून, आणि त्याच सुमारास पुण्यात स्वाइन फ्लू परत डोकं वर काढत होता. स्टेशनवरून तिला घरी आणताना रिक्षात माझ्या मनात एकच, की आपण हिला चांगल्या जागेवरून उचलून नेमक्या वाईट जागी आणतोय का. पण पहिलं बाळंतपण, आणि आईकडेच यायचं हे ठरलेलं, सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचं सामानसुद्धा भरून ठेवलेलं. त्यांना कोण सांगणार नको आणूया म्हणून.

ज्यांनी २००९ चा ऑगस्ट पुण्यात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू, आणि काही दिवसांत शहर बदललं. शाळा बंद, थिएटर बंद, मॉल बंद, मेडिकलमध्ये मास्क नाही, असला तर दुप्पट-तिप्पट पैसे. नायडू हॉस्पिटलबाहेर भर पावसात छत्र्या घेऊन रांगा, कुणाला नुसती कणकण असली तरी स्वॅब द्यायला उभे. कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगायचा मेसेज मला एका दिवसात पाच जणांकडून आला असेल, आणि मी ती केली पण होती, लेकीच्या दप्तरात टाकली होती. तेव्हा लस नव्हतीच. कुणी विचारलं असतं घेणार का, तर मी रात्री दोन वाजता पण रांगेत उभी राहिले असते.

आणि मग २०१० च्या जूनमध्ये लस खरंच आली. आधी अहमदाबादच्या झायडस कॅडिलाचं इंजेक्शन, पुढच्याच महिन्यात आपल्या पुण्याच्याच सिरमची नाकात सोडायची लस, नॅसोव्हॅक. दोनशेच्या आत किंमत, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळायला लागली, रांग नाही काही नाही. आणि आम्ही घरात बसून चर्चा करत होतो की घ्यावी का! मला आजही याचं आश्चर्य वाटतं. लस नव्हती तेव्हा जीव टाकत होतो आणि दारात आली तर म्हणतोय बघू, थांबू, दुसऱ्यांना घेऊ दे आधी.

नवरा अजिबात तयार नव्हता. तो काही अडाणी विरोध करत नव्हता हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लस नको म्हणणाऱ्याला लगेच मूर्ख ठरवायची आपल्याला घाई असते. त्याने नीट वाचून काढलं होतं. त्याचा मुद्दा १९७६ चा. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या फोर्ट डिक्स नावाच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक गेला, १९१८ सारखी साथ येणार म्हणून सरकारने सगळ्या देशाला लस द्यायचं ठरवलं, काही महिन्यांत चार कोटींच्या वर लोकांना दिली, आणि साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत गियाँ बारे नावाचा आजार, म्हणजे हातापायातली ताकद जाते, थोडा जास्त दिसायला लागला, साधारण एक लाख लोकांमागे एक जास्तीची केस, आणि डिसेंबरमध्ये तो कार्यक्रम बंद करावा लागला. घाईत केलेली लस, तीही याच आजारावरची, मग आपल्या सात वर्षांच्या पोरीवर कशाला प्रयोग, असं त्याचं म्हणणं.

मला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. दोन-तीन दिवस डोक्यात घोळत राहिलं. मग लक्षात आलं की त्या गोष्टीतला मुख्य भाग हा आहे की साथ आली नाही. साथच आली नाही तर लाखात एकाला झालेला त्रासही जास्तच, त्याच्या बदल्यात काहीच मिळालं नाही ना. पण आमच्याकडे साथ येऊन वर्ष झालं होतं. समोरच्या बिल्डिंगमधला पस्तिशीचा माणूस दहा दिवस आयसीयूमध्ये राहून आला होता, धडधाकट, रोज टेकडी चढणारा. म्हणजे तुलना लस विरुद्ध काहीच नाही अशी नव्हतीच, लस विरुद्ध तो आयसीयू अशी होती. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला पटतंय पण भीती जात नाही. तेही खरंच होतं, माझी तरी कुठे गेली होती.

घरात खरा फरक पडला तो सासूबाईंच्या एका गोष्टीने. एकदा रात्री जेवणं झाल्यावर हेच सगळं चाललेलं, नणंद सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, तर सासूबाई म्हणाल्या आमची आजी सांगायची मानमोडीत तिची थोरली बहीण गेली, पोटुशी होती. मानमोडी म्हणजे १९१८ चा तो इन्फ्लूएंझा, आपल्याकडे जुनी माणसं त्याला मानमोडीच म्हणायची. मुंबईत जूनमध्ये आला, तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परत आला तो गावंच्या गावं घेऊन गेला, देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली असं मानतात. त्यात तरणीताठी जास्त, आणि गरोदर बायका फार. सासूबाईंना यातलं आकड्यांचं काही माहीत नव्हतं, त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की आजी ती गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी रडायची. त्यांनी सांगितलं आणि मग नणंदेकडे बघून एकदम गप्प झाल्या. कुणीच काही बोललं नाही.

त्या रात्री मला कळलं की आपण प्रश्नच चुकीचा धरून बसलोय. मी माझ्या लेकीला द्यावी का, मला काही झालं तर, नवऱ्याला काही झालं तर, असा एकेकाचा हिशोब करत होते. पण घरात सगळ्यात जास्त धोका जिला होता ती नणंद, आणि तिला नाकातली लस देताच येत नव्हती. मग ठरवायचं हे होतं की तिच्या भोवतीचे आम्ही पाच जण काय करणार.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या डॉक्टरांकडे गेले, वहीत प्रश्न लिहून. तिथे समजलं ते सांगते, कारण हे असं समोर बसवून कुणी समजावलं की भीती निम्मी होते. नाकातली लस म्हणजे जिवंत विषाणू, पण अशक्त केलेला, थंडीत वाढायची सवय लावलेला. नाकात थोडं थंड असतं तिथे तो वाढतो आणि शरीराला ओळख पटते, पण फुप्फुसात उष्णता जास्त, तिथे त्याला वाढता येत नाही. प्रत्येक नाकपुडीत पाव मिली, एकच डोस, तीन वर्षांवरच्यांना. एखाददोन दिवस नाक गळेल, घसा खवखवेल. कोंबडीच्या अंड्यात वाढवतात म्हणून अंड्याची जोरदार ॲलर्जी असेल तर नाही. गरोदर बाईला नाही, दम्याच्या माणसाला नाही, प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला नाही. म्हणजे नणंद बाद आणि दम्याच्या सासूबाई पण थेंबांसाठी बाद, त्यांना इंजेक्शनवाली, त्यात मेलेला विषाणू असतो.

माझा सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच होता. आम्ही जिवंत विषाणू नाकात घेऊन घरी येणार आणि घरात गरोदर बाई, तिला आमच्याकडून लागला तर? हे विचारताना मला रडूच यायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे बघा ताई, लसीतला विषाणू दुसऱ्याला लागायची शक्यता अगदी कमी, आणि लागला तरी तो अशक्तच आहे. रस्त्यावरचा खरा विषाणू तुमची मुलगी शाळेतून घरी आणेल, त्याची शक्यता किती ते तुम्हीच बघताय." नणंदेच्या डॉक्टर बाईंनी पण तेच सांगितलं, बाकीच्यांनी घ्या. नणंदेला स्वतःला इंजेक्शन द्यायचं का यावर त्या तेव्हा घाईने हो म्हणायला तयार नव्हत्या, आठवा महिना लागत होता आणि ही लस अगदी नवीन. पण बजावलं, हिला ताप आला तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी घेऊन या, टॅमीफ्लू, म्हणजे या फ्लूवरची गोळी, पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली पाहिजे. (आता चित्र वेगळं आहे, फ्लूचं इंजेक्शन गरोदरपणात घ्या असं डॉक्टर स्वतःहून सांगतात, बाळाला पहिले सहा महिने लस देता येत नाही तेव्हा आईकडून मिळालेलं संरक्षणच कामी येतं. कुणी गरोदर मैत्रीण हे वाचत असेल तर माझ्या नणंदेचं उदाहरण धरू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.)

ठरलं एकदाचं. आणि नेमकं १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की महासाथ संपली. नवरा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला, म्हणाला बघ, संपली, आता कशाला. मी म्हटलं नीट वाच. त्यांच्या प्रमुख मार्गारेट चान यांनी त्याच निवेदनात भारताचं आणि न्यूझीलंडचं नाव घेतलं होतं, म्हणजे या देशांत जसं लक्ष ठेवून, लवकर उपचार करून, लस देऊन चाललंय तसं बाकीच्यांनी पण करावं. याचा अर्थ जगासाठी संपली असेल, आपल्याकडे चालूच आहे. नंतर वर्षाचे आकडे आले तेव्हा ते दिसलंच. देशात २००९ मध्ये स्वाइन फ्लूने ९८१ मृत्यू नोंदले गेले, आणि २०१० मध्ये १,७६३. ज्या वर्षी आपण मास्क लावून पळत होतो त्याच्यापेक्षा ज्या वर्षी आपण कंटाळलो होतो त्या वर्षी जास्त माणसं गेली. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण तोवर लस होती, औषध होतं, सगळं होतं.

शिवाय गणपती ११ सप्टेंबरला होते. लसीचा असर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि आमच्याकडे गणपतीत माणसं किती येतात ते विचारू नका. म्हणजे ऑगस्टचा तिसरा आठवडा ही शेवटची मुदत असं मी कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलं.

आम्ही चौघं शनिवारी संध्याकाळी गेलो, मी, नवरा, लेक आणि सासरे. सासऱ्यांना आपण कशाला असं वाटत होतं, आणि त्यात तथ्य पण होतं, खूप जुन्या पिढीत या विषाणूविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती आधीपासून आहे असं तेव्हा बोललं जात होतं. पण त्यांना शुगर होती आणि भाजी आणायला रोज मंडईत तेच जायचे, म्हणून गुमान आले. लेकीला इंजेक्शन नाही म्हटल्यावर ती सगळ्यात खूश, डोकं मागे टाकून बसली, दोन सेकंदांत काम झालं. सासूबाईंना सोमवारी इंजेक्शन दिलं. लेकीचं नाक दोन दिवस गळलं, नवऱ्याचा घसा दुखला, सासूबाईंचा दंड. तेवढे दोन-तीन दिवस मी नणंदेचं जेवण तिच्या खोलीत देत होते, डॉक्टर गरज नाही म्हणाले होते तरी.

आणि मग महिना संपायच्या आत बातमी आली, स्वीडन आणि फिनलंडमध्ये स्वाइन फ्लूची लस घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी झाली, म्हणजे दिवसा बसल्या बसल्या अनावर झोप येणं, फिनलंडने ती लस देणं थांबवलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. नवरा एक शब्द बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं. रात्री झोपलेल्या लेकीकडे बघत बसले होते किती वेळ. दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांना फोन. ती लस वेगळी, पॅन्डेमरिक्स नावाची, इंजेक्शनची, तिच्यात असर वाढवण्यासाठी एक वेगळा घटक घातलेला होता, आपल्या थेंबांमध्ये तसलं काही नाही. पुढे अभ्यास झाले आणि त्या लसीचा आणि मुलांमधल्या त्या आजाराचा संबंध खरंच सापडला. त्या आईबापांनी पण माझ्यासारखंच विचारपूस करून, मुलांच्या भल्यासाठीच दिली असणार ना. म्हणून मी कधीच म्हणत नाही की लसीत धोका शून्य. तो आकडा असतो, छोटा असतो, आणि ज्याच्या घरी येतो त्याला छोटा वाटत नाही. तरीही मला आज तोच निर्णय परत घ्यायला लावला तर मी तोच घेईन, कारण नणंदेकडे बघून आजाराचा आकडा मला त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसत होता.

एक गोष्ट मात्र सलते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आम्ही थांबलो. त्या मधल्या दिवसांत एकदा लेकीला १०२ ताप आला होता आणि ती रात्रभर आत्याच्या कुशीत झोपली होती, कुणाच्या लक्षातच आलं नाही, सकाळी उठून बघते तर दोघी एका पांघरुणात. साधाच ताप निघाला, दोन दिवसांत उतरला, नणंदेला काही झालं नाही. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. विचार करायला वेळ घ्यावा, पण डॉक्टरकडे वही घेऊन जायला मला एक महिना लागायला नको होता, ते पहिल्याच आठवड्यात होण्यासारखं होतं.

गणपतीत सासूबाई दारातच उभ्या राहायच्या. खोकणारा दिसला की प्रसाद हातावर ठेवून, "आत नको हं, आमच्याकडे पोटुशी आहे," असं सरळ सांगायच्या. एकदोन जण रागावले, त्यातली एक अजून फारसं बोलत नाही आमच्याशी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नणंदेला मुलगी झाली, सव्वातीन किलोची.

आता तोच २००९ चा विषाणू नेहमीच्या फ्लूमधला एक होऊन बसलाय, दर वर्षीच्या लसीत त्याचा भाग असतो. सासरे गेले, लेक नोकरीला बंगलोरला. सासूबाईंचं दर वर्षी पावसाळ्याच्या आधी इंजेक्शन असतं, यंदा माझ्याच धावपळीत राहून गेलंय, शनिवारी नेते.