मुक्या पोरांचा परिपाठ

आमच्या दर्यापूरकडे न बोलणाऱ्या पोराला दोनच औषधं मिळतात. एक तर चारचौघांत टोकायचं, ‘काऊन बे, तोंडात मूग भरले का?’ नाहीतर ‘शांत आहे, गुणाचा आहे’ म्हणून कौतुक करायचं. माझ्या मते दुसरं जास्त घातक, आणि मुलींच्या वाट्याला तेच जास्त येतं.

इथं लीड्सला मी एका माध्यमिक शाळेत वर्गसहायक आहे. शाळांसाठी मानसिक आरोग्याची पथकं असावीत, असा प्रस्ताव इंग्लंडच्या सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये मांडला. आता अशी पथकं बऱ्याच शाळांत जातात. नुसता बुजरेपणा म्हणजे आजार नाही; पण भीतीपायी पोरगं शाळा बुडवू लागलं, डबाही एकट्यानं खाऊ लागलं, तर बोलून उपचार करतात. ‘घाबरू नको, धीट हो’ हे त्यात जवळपास नसतंच.

त्यामागचा विचार डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडला. घाबरलेल्या पोराचं लक्ष समोरच्यांवर नसतंच, सगळं स्वतःवर असतं: आवाज कापतोय का, कान लाल झाले का. मग तो वाक्य मनात घोकतो, वही तोंडापुढं धरतो. वेळ निभते, पण वही नसती तर काय झालं असतं ते कळत नाही, म्हणून भीती जागची हलत नाही. समुपदेशक आधी विचारतात, काय होईल असं वाटतं? ‘सगळे हसतील.’ बरं, मग वही खाली ठेवून दोन वाक्यं बोल आणि किती जण हसले ते मोजून ये. कधी व्हिडिओही काढतात. मनातल्या चित्रापेक्षा पडद्यावरचं पोरगं बहुतेक वेळा बरंच बरं निघतं.

हे वाचून आपला परिपाठ आठवला ना? सुविचार, दिनविशेष, बातम्या, सगळं तीच चार धीट पोट्टी वाचतात. बुजऱ्याला आधी दोन मित्रांसमोर, मग वर्गात, मग परिपाठात उभं करता येईल, तेही त्याला विचारून, त्याच्या चालीनं. आणि खुशाल वऱ्हाडीत बोलू द्या! ‘शुद्ध बोल’ म्हटलं की अर्धा वर्ग गपगार.

खरी अडचण वेगळीच. इथं लीड्सला पोरगं समुपदेशकाशी बोललं ते खोलीबाहेर जात नाही. पोराला किंवा दुसऱ्या कुणाला मोठा धोका असेल तरच मोठ्यांना सांगतात, आणि हे पोराला आधीच माहीत असतं. आपल्याकडे दुपारी सरांना सांगितलेलं संध्याकाळी पानठेल्यावर पोचतं. भारत सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, १४४१६ वर, फुकट, मराठीतही बोलता येतं. पण घरातला फोन बापाच्या खिशात आणि बाप वावरात. तेव्हा मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत एक खोली, एक फोन आणि आतून लागणारी कडी एवढं तरी द्यावं. बजेट लागत नाही त्याला.