सूर धरणारा

काल दुपारी रंकाळ्याच्या काठावर, शालिनी पॅलेसच्या बाजूला, बॅगपाइपच्या खांद्यावर टेकणाऱ्या तिन्ही नळ्यांची बुचे काढली आणि आठ दिवस घोटून बसवलेली नवी चाल पार विस्कटली.

चाल साधीच, भूपातली. या वाद्याला अवघे नऊ स्वर: खाली एक कोमल निषाद, मग षड्जापासून तार षड्जापर्यंत सरळ सप्तक, त्यातलाही निषाद कोमल, म्हणजे सगळा मामला खमाज थाटाचा. भूपाला मध्यम आणि निषाद लागतच नाहीत, तेव्हा चाल आयती बसेल असा माझा होरा होता. मात्र बगलेतली पिशवी दाबलेली असेपर्यंत आवाज थांबवता येत नाही, हे मी जमेस धरले नव्हते. लागोपाठ दोन गंधार हवे असतील तर मध्ये वरच्या स्वराचा निमिषभर कण टाकावा लागतो, नाहीतर दोहोंचा मिळून एकच लांबलचक गंधार होतो. हे कण बोटांत मुरेपर्यंत मी घरी पिशवीवाचूनची सरावाची नळी फुंकत होतो, तर शेजारच्या काकूंनी विचारले, "कुणाचं लगीन ठरलं काय ओ?"

बुचे निघताच दोन नळ्या एक सप्तक खाली आणि तिसरी त्याहून एक सप्तक खाली, षड्ज धरून बसल्या. माझा पंचम चढा आहे, हे तेव्हा कुठे मला ऐकू आले. भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावून तो उतरवला खरा, पण चित्त तोवर मंगळवार पेठेत जाऊन पोहोचले होते.

आत्याच्या लग्नात आम्ही पोरे सनईवाल्यासमोर चिंच चोखत ओळीने उभे होतो. तो कसलेला होता, हसला आणि वाजवत राहिला. मग आमचा मोर्चा शेजारच्याकडे वळला. त्याच्या सनईतून तासन्‌तास एकच स्वर निघे. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, श्वास केव्हा घेतो ते कळत नसे. तेव्हा मात्र सनईवाल्याने तोंडातून पत्ती काढली. "त्येच्याम्होरं नका रं जाऊ. त्यो थांबला तर मी उघडा पडंन."

रात्री आत्याला फोन केला. सनईवाल्याला आजोबांनी फेटा बांधला होता, त्याचा रंगसुद्धा तिला आठवत होता.

"आणि दुसऱ्याला?"

"दुसरा कोण रे?"