पोखरा–जोमसोम: वीस मिनिटं म्हणे!

नेपाळात मुक्तिनाथच्या वाटेवर पोखरा ते जोमसोम सरळ रेषेत जेमतेम सत्तर किलोमीटर, विमानाला वीस मिनिटं. हा आकडा डोक्यात धरून मी परतीच्याच दिवशी दुपारचं पोखरा–काठमांडू तिकीट काढून ठेवलं. विमान रद्द झालंच तर जीप करू, सत्तर किलोमीटर म्हणजे पुणे–लोणावळा! शुद्ध गाढवपणा. बेनी, तातोपानी, घासा या गावांवरून जाणारा रस्ता १६० किलोमीटरच्या घरात आहे. मला साडेअकरा तास लागले आणि काठमांडूचे पैसे बुडाले.

जाताना विमान वेळेवर सुटलं, तिथेच फसलो. उजवीकडे अन्नपूर्णा, डावीकडे धौलागिरी, मधल्या काली गंडकीच्या घळीतून ट्विन ऑटर हे छोटं विमान जातं. खिडकी मिळाली तर पैसे वसूल. पण सकाळ चढली की याच घळीतून खालून वर जोराचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळचीच. परतीच्या दिवशी जोमसोमला आभाळ निळंशार, नीलगिरी शिखर लख्ख, आणि विमान नाही. कारण ढग पोखऱ्यावर. दहाच्या सुमारास काउंटरवरचा म्हणाला, "हावा चल्यो. भोलि."

शेजारी नाशिकच्या एक काकू बसल्या होत्या. "भोलि म्हणजे काय हो?"

"उद्या, काकू."

"मेला कालही हेच म्हणाला होता!"

जीपवाल्याने आदल्या संध्याकाळी सांगितलेला भाव आता दीडपट केला. म्हणून विमानाचं तिकीट खिशात असलं तरी जीपचा भाव आदल्या रात्रीच पक्का करून ठेवा. भाव नेपाळी रुपयांत की भारतीय, तेही विचारा. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. विमानाच्या तिकिटाला भारतीयांसाठी वेगळा दर असतो. माझ्या एजंटाने इतर परदेशींचा डॉलरचा दर लावला आणि मी मुकाट्याने दिला.

आता घासा ते तातोपानी. याला रस्ता म्हणायचं तर म्हणा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, मध्ये चिखल. जीप रुतली की क्लीनर पोरगं उडी मारून चाकाखाली दगड सरकवायचं आणि चालत्या जीपच्या शिडीला लटकून परत यायचं. माझा गुडघा दाराच्या हँडलवर इतक्यांदा आपटला की शेवटी तिथे मफलर बांधला. रुप्से धबधबा कुठे गेला ते कळलंही नाही. कंबरेचा त्रास असेल तर इथून जाऊच नका. पावसाळ्यात तर कुणीच नको.

मुक्तिनाथला दर्शन छान झालं. कागबेनी, मार्फा ही गावं सुंदर आहेत. फोटो कुठेही सापडतील. एक मात्र ऐका: पोखरा ८०० मीटरवर, जोमसोम २,७०० आणि मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. सकाळी विमानातून उतरून दुपारी मुक्तिनाथ उरकणारे डोकं धरून बसलेले पाहिले. जोमसोमला किंवा मार्फ्यात एक रात्र काढाच. मुक्तिनाथच्या देवळातल्या १०८ धारांखाली अंघोळ त्यानंतर.

माझं मत: जाताना जीप, मुक्काम करत, येताना विमान, आणि पुढच्या तिकिटाआधी दोन दिवस रिकामे. दोन दिवस नसतील तर जोमसोमचा नाद सोडा.

दुसऱ्या दिवशी मी पोखऱ्यात पाठीला बाम चोळत असताना काकूंचा फोन आला. त्या उतरल्या होत्या. "एकोणीस मिनिटं लागली हो," म्हणाल्या.