साडेसातशे किलोची थाप आणि ताम्हिणीचा उतार

छोटा कॅम्पिंग ट्रेलर गाडीमागे लावून पुण्याहून कोकणात उतरायचं असेल तर खुशाल ताम्हिणी घाटाने जा. पण ट्रेलर पूर्ण भरून वजनकाट्यावर चढवा, आणि काट्याची पावती खिशात आल्याशिवाय पौडच्या पुढे जाऊ नका. माझ्या खिशात पावती नव्हती, ट्रेलर बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचा शब्द होता.

"साडेसातशे किलो, साहेब. मागे काही लावलंय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

कळलं. पौडपासून विळ्यापर्यंत दर वळणाला कळलं.

ट्रेलर म्हणजे दहा बाय सहाचा डबा. एक ॲक्सल, आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर केलं की ओटा. ओढायला माझी बोलेरो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्याला पहिल्या दिवसापासून 'टपरी' म्हणतात. वॉचमनने गेट उघडतानाच विचारलं होतं, "वडापाव टाकताय का काका?" जिथे थांबाल तिथे हा प्रश्न येणार, मनाची तयारी ठेवा. पौडला तर एकाने सरळ दोन कटिंग मागितले.

डबा घेतला तेव्हा आतून रिकामा होता. आतलं काम मी सुतार लावून करून घेतलं, त्यामुळे पुढच्या निम्म्या चुका माझ्या. सुतार फ्लॅटचं फर्निचर करणारा, त्याच्या हाताला १९ मिमीचाच प्लाय बसलेला. आठ बाय चारचा असा एक ताव तीस-पस्तीस किलो भरतो, हे मला तेव्हा माहीत असतं तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. ओट्यावर ग्रॅनाइट, कारण हिला स्टीलचा ओटा मेससारखा वाटला. घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी, पन्नास-पंचावन्न किलोंची. घरचाच १४.२ किलोचा सिलिंडर, लोखंडासकट तीसच्या घरात. आणि १०० लिटरची पाण्याची टाकी. ही सगळी मंडळी ओट्याखाली, म्हणजे ॲक्सलच्या मागे. पाणी जिथे लागतं तिथे टाकी, इतका सरळ विचार. निघताना ती काठोकाठ भरली, जानेवारीत तिकडे पाणी मिळेल न मिळेल म्हणून. दिवेआगरला! जिथे वाडी तिथे विहीर.

पहाटे पाचला निघालो. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट हा पट्टा उजाडायच्या आत मागे टाकाच. भूगावच्या कोंडीत ट्रेलरसकट अडकलात तर मधे घुसणाऱ्या दुचाकीवाल्यांना कपलर (ट्रेलरचं गाडीला अडकणारं पुढचं टोक) दिसत नाही, ते गाडी आणि ट्रेलर यांच्यामधून पलीकडे निघायला बघतात. खोटं वाटेल, पण एकाने चाक घातलं होतं.

पौड सोडल्यावर सरळ रस्ता लागला. साठ-पासष्टचा वेग असेल. मागून एसटी ओव्हरटेक करून गेली आणि तिच्या वाऱ्याने डबा आधी ओढला गेला, मग ढकलला गेला. तेवढ्यावर तो थांबायला हवा होता. थांबला नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि दर झोका आधीच्यापेक्षा मोठा. बोलेरोचं ढुंगण त्याच्याबरोबर हलायला लागलं. मेव्हणा मागून अल्टोत येत होता. त्याचा फोन, "दाजी, टपरी शेपूट हलवतीये! थांबा, थांबा!"

थांबायचं नसतं, हीच तर मेख आहे. झोका सुरू झाला की ब्रेक मारू नका. गाडी दबते, डबा मागून रेटतो आणि दोघं मिळून आडवे होतात. स्टिअरिंगने झोका काढायला जाऊ नका, तुमचा हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोहोचतो आणि झोका वाढतो. वेग वाढवून 'ओढून सरळ करतो' म्हणणारे यूट्यूबवर भेटतील, त्यांचं तर मुळीच ऐकू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. मी घाबरून पाय उचलला, ब्रेकवर न्यायचं भान राहिलं नाही, म्हणून वाचलो. अक्कल त्यात काही नव्हती.

कारण नंतर कळलं. अशा ट्रेलरच्या एकूण वजनातलं साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे, गाडीच्या हिचवर (कपलर जिथे बसतो त्या जोडणीवर) यायला हवं. ते कमी असलं, म्हणजे मागचं बूड जड असलं, की वाऱ्याचा एक धक्का पुरतो. मी टाकी, बॅटरी, सिलिंडर सगळं बुडाशी बांधलं होतं.

तिथेच कडेला थांबून शहाणपणाने टाकी सोडली असती तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. पण तेव्हा माझा संशय टायरच्या हवेवर. हवा तपासली, चहा घेतला आणि पन्नासच्या वर न्यायचं नाही असं ठरवून पुढे निघालो. मुळशीच्या पाण्याकाठचा रस्ता सुंदर आहे म्हणतात. मी आरशात बघत होतो.

आता तो उतार. ताम्हिणी गाव मागे पडलं की रस्ता खाली कोकणात पडतो आणि विळ्यापर्यंत सोडत नाही. बोलेरो एकटी असताना मी इथे तिसऱ्या गियरवर गप्पा मारत उतरलोय. सवयीने तिसराच ठेवला आणि ब्रेकवर पाय टेकवून चाललो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. फॅब्रिकेटरचं म्हणणं, "साडेसातशेच्या आत लागतच नाहीत, युरोपात पण तसंच आहे." अर्धं खरं आहे. युरोपात ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर बिनब्रेकचा चालतो, पण ते ७५० सामानसुमान, पाणी, सगळं धरून. हा सांगत होता तो आकडा भरलेल्या डब्याचा नव्हता.

चौथ्या-पाचव्या वळणाला वास आला. जळक्या क्लचसारखा, पण अधिक उग्र. पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं. त्याच्या पुढच्याला ते गेलं आणि गाडी हवी तितकी थांबली नाही. त्या वळणावर समोरून एक इनोव्हा वर येत होती, त्यामुळे मला बाहेरून घेता आलं नाही. ट्रेलर वळणावर गाडीच्या चाकोरीतून येत नाही, तो आतून कापतो. डाव्या वळणाला त्याचं डावं चाक डांबर सोडून गटाराच्या कडेवर चढलं, डबा उजवीकडे कलला, आत काहीतरी फुटलं (बरणी, मेतकुटाची) आणि चाक धप्पकन परत रस्त्यावर आलं. ही काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

पहिला गियर मारून कसाबसा थोड्या रुंद जागी थांबलो. पुढच्या चाकांतून धूर. तिथल्या टपरीवाल्या दादांनी मदतीच्या भावनेने पाण्याची बादली आणली. घेऊ नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते किंवा तडकते. अर्धा-पाऊण तास नुसतं उभं राहायचं. चाकांना दगड लावायचे, आणि निघताना ते उचलून कडेला टाकायचे. घाटात रस्त्याच्या मधोमध दगड सोडून जाणाऱ्यांची जमात मला त्या दिवसापासून जास्तच खुपते. शिवाय माकडं. मेतकुटाचा वास त्यांना माझ्याआधी लागला.

उरलेला उतार दुसऱ्या गियरवर उतरलो. ब्रेक टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबायचा, कमी झाला की पूर्ण सोडायचा. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर असतानाच दुसरा टाका. मागची रांग हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

विळे-भागाड एमआयडीसीजवळ ट्रकचा वजनकाटा दिसला. ट्रेलर सोडवून प्लॅटफॉर्मवर उभा केला. काट्यावरचा पोरगा खिडकीतून म्हणाला, "माल काय आहे?" म्हटलं, घर आहे. त्याने पावती फाडून दिली: ९४० किलो.

साडेसातशे.

पावतीचा फोटो तिथूनच फॅब्रिकेटरला पाठवला. उत्तर आलं नाही.

पुढचा रस्ता, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, यात सांगण्यासारखं काही नाही. दिवेआगरच्या गल्ल्या मात्र सुपारीच्या वाड्यांमधून जातात आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याची कुंपणं. आत शिरण्याआधी पायी जाऊन वळायला जागा आहे का ते बघा. रिव्हर्सची एकच युक्ती मला जमली: स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्यायचा. मेव्हण्याच्या "अजून, अजून, बस, बस" वर जाऊ नका. मागचा लाइट त्यातच गेला.

ज्यांच्या वाडीत उतरलो त्या आजोबांकडे सुपारी तोलायचा प्लॅटफॉर्मचा काटा होता. हिचइतक्या उंचीचा लाकडी ठोकळा त्यावर ठेवला आणि कपलर त्यावर टेकवला. २८ किलो. म्हणजे तीन टक्के! मग टाकीचा नळ सोडला. पाणी माडाच्या आळ्यात गेलं, आणि आम्ही सगळे काट्याकडे बघत उभे. ४०, ५५, ७०. टाकी रिकामी झाली तेव्हा ९०. डब्याचं वजन आता ८४० धरलं तर जवळजवळ ११ टक्के. ॲक्सलच्या मागचं शंभर किलो पाणी तराजूसारखं पुढचं टोक उचलून धरत होतं. आजोबा म्हणाले, "अहो, बैलगाडी कधी हाकली नाहीत वाटतं. गाडी उलाळ झाली म्हणायचं हिला." हा शब्द मला दुकानात कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

तीन दिवस छान गेले. मोदक मिळाले, समुद्र होता.

परतताना रिकाम्या टाकीने पुन्हा ताम्हिणीच. चढ सोपा आहे. एसी बंद, दुसरा गियर, तापमानाच्या काट्यावर लक्ष आणि मागे रांग जमली की बाजूला थांबून तिला जाऊ देणं. पौडच्या त्याच सरळ रस्त्यावर पुन्हा एसटीने ओव्हरटेक केलं. डबा एकदा हलला आणि गप्प झाला. मी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडलो. त्या भरात आंबेनळी घाटानेही नेऊ असं हिला म्हणालो होतो. ते मनावर घेऊ नका. आंबेनळी आणि वरंधा, दोन्हींना ट्रेलर नको.

टोलचंही एक सांगतो, कारण त्यात माझे पैसे गेले. महिनाभर आधीच्या चाचणी फेरीत एका नाक्यावर फास्टॅग वाचला गेला, तरी दांडा वर जाईना. कर्मचारी चाकं मोजून गेला आणि म्हणाला, तीन ॲक्सल आहेत, तीन ॲक्सलचे पैसे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनियमांत तो वर्ग 'तीन ॲक्सलचं व्यावसायिक वाहन' असा आहे. यात माझा धंदा कुठला, असं विचारलं तर म्हणे, "मग मागे गाडा कशाला लावलाय?" मागे वीस गाड्यांचे हॉर्न. भरले. तुम्ही भरलेत तर पावती घ्या आणि तिच्यावर वाहनाचा वर्ग काय छापलाय ते तिथेच वाचा.

कागदांचं एका वाक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो, त्यामुळे "गाडीचाच नंबर मागे लावा, कोण विचारतंय" म्हणणाऱ्याकडून ट्रेलर घेऊ नका, नोंदणीचे कागद हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, आणि विमा कंपनीला ट्रेलरबद्दल लेखी कळवा.

परत आल्यावर डबा अर्धा उपसला. ग्रॅनाइट गेलं, सत्तावीस किलो. ट्युब्युलरच्या जागी १०० एएचची लिथियम, बारा किलोंची. सिलिंडर पाच किलोवाला, तोही पुढच्या पेटीत. कपाटांची १९ मिमीची दारं काढून पडदे लावले. पडदे हिने शिवले आणि स्टीलच्या ओट्याबद्दल पुन्हा काही म्हणाली नाही. टाकी आता ॲक्सलच्या बरोबर वर आहे आणि मुक्कामी पोहोचल्यावरच भरायची. छतावर एसी बसवायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. दोन खिडक्यांना जाळी आणि बारा व्होल्टचा पंखा पुरतो. हिचचा बॉल आणि कपलर, दोन्हींवर कोरलेला आकडा एकच आहे ना ते स्वतः वाचा. बाजारात ५० मिमी आणि दोन इंची असे दोन्ही मिळतात, 'एकच असतंय' म्हणून देतात, आणि तो पाऊण मिलिमीटरचा फरक घाटात खडखडतो. निघाल्यावर तीसेक किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या दोन्ही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) हात लावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग बघा. सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारख्या आडव्या लावा, म्हणजे कपलर निसटला तरी टोक रस्त्यात रुतण्याऐवजी साखळीच्या झोळीत पडतं.

आणि ब्रेक लावले. ओव्हररन प्रकारचे: उतारावर ट्रेलर गाडीला रेटायला लागला की कपलर आत सरकतो, केबल ओढली जाते आणि ट्रेलरचे ड्रम स्वतः धरतात. यात अडतीस-एक किलो वाढले, पण ते किलो मला प्रिय आहेत.

मागच्या रविवारी पिरंगुटच्या काट्यावर सगळ्या सामानासकट पुन्हा तोलला. ७५५. पावतीचा फोटो फॅब्रिकेटरला पाठवला, जुन्या फोटोच्या बरोबर खाली. या वेळी दोन मिनिटांत उत्तर आलं.

"बघा साहेब, म्हटलं होतं ना, साडेसातशेच आहे."