आत्तीची वारी, लालबाग ते वडाळा

पहाटे साडेचारला चाळीचा जिना उतरले तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. गळ्यात आत्तीचे टाळ होते. त्यांची दोरी तिच्या मापाची, मला आखूड होते, पण बदलायला हात झाला नाही. आत्तीला जाऊन आठ महिने झालेत. तिच्याशिवायची माझी ही पहिली आषाढी.

आमची दिंडी साठ-सत्तर माणसांची. दोन पताका, एक पखवाज, आणि तुळस डोक्यावर घ्यायला बायकांची एकमेकींत ओढाताण. लालबागहून वडाळ्याचं विठ्ठल मंदिर चार-पाच किलोमीटर. आत्ती हिला वारीच म्हणायची. पंढरपूरला ती आयुष्यात कधी गेली नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "अठरा-वीस दिस माझ्या माणसांना कोन घालंल जेवाय?"

तिची माणसं म्हणजे खाणावळीतली माणसं. आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, साताऱ्याकडून लग्न होऊन गिरणगावात आली. नवरा लवकर गेला. दहा बाय बाराच्या खोलीत तिने गावाकडच्या गिरणी कामगारांना जेवू घालायला सुरुवात केली. चांगल्या दिवसांत बावीस ताटं असायची. पाळीप्रमाणे जेवणं, त्यामुळे चूल विझायचीच नाही. भांडी घ्यायला सावकाराचे पैसे काढायचे आणि व्याज फेडत बसायचं, असं बऱ्याच खाणावळवाल्या बायांचं चाले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि अशा बायांना बँकेची कर्जं मिळायला लागली. आत्तीची मोठी पितळी पातेली त्या कर्जातली. ती घासताना ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

भारतमातापाशी दुसरी एक दिंडी आम्हाला येऊन मिळाली. उड्डाणपुलाखालून चालताना टाळांचा आवाज वरच्या काँक्रीटला लागून दुप्पट होऊन खाली येतो. माझ्या लहानपणी इथे पूल नव्हता, वर नुसतं आभाळ असायचं आणि दोन्ही बाजूंना गिरण्यांची धुराडी दिसायची. मी सात वर्षांची असताना आत्तीने मला पहिल्यांदा नेलं. तिचा हात खरखरीत, भाकरी थापून थापून तळव्याला घट्टे पडलेले, आणि पकड अशी की गर्दीत हरवायची भीतीच वाटली नाही.

त्या वर्षी हिंदमाताला पाणी भरलं होतं. माझ्या कमरेपर्यंत होतं. मी रडायला लागले. आत्तीने लुगडं वर खोचलं, मला कडेवर घेतलं आणि पाण्यात पाय घालत म्हणाली, "रडतीस कशाला? चंद्रभागा हितं आलीया आपल्यासाठनं." दिंडीतल्या बाकीच्या बायकांनी खरंच ओंजळीने पाणी डोळ्यांना लावलं. ते पाणी कसलं होतं हे मला आज कळतं. तरीही यंदा हिंदमाताच्या कोरड्या रस्त्यावरून जाताना माझा हात आपसूक डोळ्यांकडे गेला.

नायगावकडून वळून कात्रक रोडला लागलं की बाकीच्या जगाचा आवाज बंद होतो. सगळ्या बाजूंनी दिंड्या येतात. तुळशी, हार, बुक्का, राजगिऱ्याचे लाडू, केळी, लाकडी खेळणी, पाळणे. हे देऊळ वडाळ्याच्या मिठागरांच्या काळातलं, असं जुनी माणसं सांगतात. मुंबईकरांना हे प्रतिपंढरपूर. रांग कुठवर गेली आहे ते दिसतही नाही.

आत्ती त्या रांगेत कधीच उभी राहिली नाही. कळस दिसला की थांबायची, पदर डोक्यावर नीट घ्यायची, हात जोडायची. मग बुक्क्याची पुडी विकत घेऊन उलट्या पावली निघायची. दुसऱ्या पाळीची माणसं अकरापासून जेवायला यायची, त्यांची भगर आणि शेंगदाण्याची आमटी व्हायची असायची. गॅलरीतूनच कुणीतरी ओरडायचं, "आली का वारी?" ती दारात उभी राहून एकेकाच्या कपाळाला बुक्का लावायची. रातपाळी करून झोपलेल्यांनासुद्धा, झोपमोड न करता. "तुमचंबी दर्शन झालं बरं का," असं म्हणायची, आणि मगच पातेलं चढवायची.

फक्त एका वर्षी ती कळसापाशी बराच वेळ थांबली. ते १९८२ साल होतं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसलेले. बावीसपैकी अठरा जण गावाला निघून गेले, चार उरले, तेही उधारीवर. त्या आषाढीला आत्तीने उधारीची वही पिशवीत घालून वडाळ्याला नेली. कळसाकडे तोंड करून वही उघडली, पानं उलटली, पुन्हा मिटली. घरी आल्यावर ती वही तिने फळीवर सर्वांत वर ठेवून दिली आणि कुणाकडेही एक पैसा मागितला नाही. पुढे कित्येक वर्षांनी एकजण गावाहून ज्वारीचं पोतं घेऊन आला. आत्तीने वहीत पाहून त्याचं पान फाडलं आणि त्याला जेवायला वाढलं. बाकीची पानं आजही तशीच आहेत, वही माझ्याकडे आहे.

यंदा चुलत बहीण म्हणाली, "ताई, रांग लावू या, आत्तीच्या नावाने एकदा पायांवर डोकं ठेवू." मलाही तसं वाटत होतं. अर्धा तास उभी राहिले. मग दहा वाजले आणि माझं रांगेत लक्ष लागेना. घरी मामा असतील, हेच डोक्यात. तिला म्हटलं, "तू हो पुढे, माझंही दर्शन घे." कळसाला हात जोडले, पुडी घेतली आणि निघाले.

मामा म्हणजे आत्तीच्या त्या बावीसांतले शेवटचे. गिरणी गेली, पण ते आमच्या गॅलरीतल्या टोकाच्या खोलीत राहिले. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांना फारसं दिसत नाही. जिन्यात टाळ किणकिणले तसा आवाज आला, "आली का वारी?"

"आली, मामा."

त्यांनी टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं. बुक्का लावताना माझा हात थरथरला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, तळवा चाचपला, काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "भगर टाकली का?"

"टाकते आता."

"आमटीत आमसूल घालू नगंस. आक्का घालत न्हाई."