स्वस्त बेस गिटारची सुधारणा : माझा अनुभव

अमेरिकी बनावटीच्या प्रिसिजन बेसची (फेंडर कंपनीच्या विजेवरच्या बेस गिटारची) किंमत भारतात लाखाच्या पुढे जाते. नागपुरात गणेशोत्सवात आणि लग्नसमारंभांत वाद्यवृंदाबरोबर बेस वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला ती परवडणारी नव्हती, आणि माझ्याजवळच्या त्याच घाटाच्या स्वस्त वाद्यात नेमके काय कमी आहे हे तपासल्यावर एवढा खर्च करण्याची गरजही मला वाटेना. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या या बेसची रचना मुळातच साधी आहे. स्क्रूने जोडलेली मान (तारांखालची लांब दांडी), ३४ इंचांची तारेची कंप पावणारी लांबी आणि १९५७ पासून दोन भागांत विभागलेला पिकअप (तारांच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारा भाग), यांतील प्रत्येक भाग सुटा काढता व बदलता येतो.

पहिली अट मानेची. ती पिळलेली असेल, तर अशा वाद्यावर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या बेसची मान सरळ होती आणि ट्रस रॉड (मानेचा बाक कमीजास्त करणारी आतील धातूची सळई) सहज फिरत होता, म्हणूनच पुढचे सारे काम करण्याजोगे ठरले.

सुरुवात तारांपासून केली, कारण तारांचा ताण बदलला की मानेचा बाकही बदलतो आणि आधी केलेली जुळणी वाया जाते. मी फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट गुंडाळलेल्या तारा निवडल्या. मोटाउन या अमेरिकी संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जेमरसन यांनी अशाच तारा वापरल्या होत्या. बोटे सरकल्याचा खरखराट त्यांत कमी येतो, आणि जुन्या चित्रपटगीतांना लागणारा गोल, भरीव स्वर त्यांतून मिळतो. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) यांवर तार एकाच वेळी दाबून मधल्या भागात तार व फ्रेट यांत साधारण ०.३ मिलिमीटर अंतर राहील इतका ट्रस रॉड थोडाथोडा फिरवला, ब्रिजवर, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावर, तारांची उंची उतरवली आणि बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला स्वर) व तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळेपर्यंत प्रत्येक सॅडल (ब्रिजवरची तार टेकते ती ठोकळी) पुढेमागे केले. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा जास्त उंच असल्यामुळे पहिल्या फ्रेटवरचे स्वर चढे लागत होते. त्या बारीक कानशीने खोल केल्या. एवढ्यानेच वाद्य हाताला इतके हलके झाले की सुधारणेचा मोठा वाटा इथेच पार पडला, असे मी मानतो.

विजेचे काम त्यानंतर आले. दोन भागांच्या पिकअपमधील तारेच्या गुंडाळ्या एकमेकींचा गुणगुणाट पुष्कळसा रद्द करतात, तरीही मंचावरील दिव्यांच्या डिमरमुळे (उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्रामुळे) घरघर ऐकू येई, कारण वाद्याच्या आतील पोकळीला कोणतेही आवरण नव्हते. तिथे तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली आणि पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांशी जोडले गेले आहेत की नाहीत, हे मल्टीमीटरने पाहिले. नागपुरातील सीताबर्डी बाजारातून आणलेले २५० किलोओहमचे पॉट (आवाज व स्वराची झाक कमीजास्त करणारी बटणे), स्वराच्या बटणासाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि केबल जोडायचा चांगला जॅक सोल्डर करून बसवला. सर्वांत मोठा खर्च अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या) चुंबकांच्या पिकअपचा झाला. त्यामुळे खालच्या तारेचा स्वर अधिक स्पष्ट झाला, पण तारा आणि जुळणी यांच्या तुलनेत हा फरक लहानच आहे.

नागपूरच्या हवेचा विचार मात्र कायम करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात. ती कानशीने गोल करून घेतली. कूलरचा ओलसर झोत वाद्यावर थेट येऊ देत नाही. पावसाळा लागला की मानेचा बाक पुन्हा तपासतो, आणि लाखाचे वाद्य असते तरी हे चुकले नसते.

ब्रिज व ट्यूनिंगच्या खुंट्या मी मूळच्याच ठेवल्या आहेत. संपूर्ण कार्यक्रमभर सूर टिकतो, त्यामुळे त्यांवर खर्च करण्याचे कारण सध्या तरी दिसत नाही.